सासऱ्यांचा आवाज, मुळापासून

वस्तू मिळण्यापेक्षा ती कोठून आली हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे, हे तत्त्व ज्या समाजाला पूर्णपणे उमगले आहे, त्या समाजात वस्तू फारशा मिळत नाहीत. परंतु ज्या मिळाल्या नाहीत त्यांच्याविषयी तेथील माणसे अत्यंत अधिकारवाणीने बोलू शकतात. संस्कृती म्हणतात ती बहुधा हीच.

या तत्त्वाचे एक निष्ठावंत उपासक चष्म्यांच्या एका घाऊक कोठारात संगणकांची देखभाल करीत. कोठारातले लोक त्यांना हुद्द्याने ओळखत, बायको 'अहो' म्हणून हाक मारी, आणि तिचा धाकटा भाऊ, जो मोटारींचे सुटे भाग विकत असे, त्यांना 'मूळपुरुष' म्हणे. हे नाव आदराने ठेवलेले नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. पण नावाचा उगम ज्ञात असल्यामुळे त्यांनी ते स्वीकारले होते.

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. युनिक्सच्या घराण्यातील संगणकावर एखादा प्रोग्राम आणण्याचे दोन मार्ग असतात. पहिला तयार पॅकेजचा. दूरच्या कुण्या अनोळखी माणसाने प्रोग्राम आधीच शिजवून, डब्यात भरून, झाकण लावून ठेवलेला असतो. आपण एका ओळीची आज्ञा द्यायची. डबा येतो, त्याला लागणारे इतर डबे न सांगता मागोमाग येतात, आणि यंत्र केवळ 'हो की नाही' एवढे विचारते. (या प्रश्नाला कोणी 'नाही' म्हटल्याचे ऐकिवात नाही.) दुसरा मार्ग सोर्सचा. कर्त्याने स्वहस्ते लिहिलेल्या मूळ ओळी आणायच्या, त्यांच्यासाठी आपल्या यंत्रात काय काय कमी आहे हे यंत्रालाच विचारायचे, ते एकेक कमी भरून काढायचे, आणि मग त्या ओळी आपल्याच यंत्राकडून दळून, मळून, भाजून घ्यायच्या. पहिल्या मार्गाने प्रोग्राम मिळतो. दुसऱ्या मार्गाने चारित्र्य मिळते.

मूळपुरुषांच्या यंत्रावर घड्याळापासून सगळे मुळापासून बांधलेले होते. घड्याळ थोडे मागे पडे. पण का मागे पडते हे ते ओळ क्रमांकासह सांगू शकत.

त्यांचे सासरे निवृत्त मुख्याध्यापक होते. भूमिती शिकवण्यात आणि माणसे नापास करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा आवाज शाळेच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत असे आणि परत येताना दोन-चार मुलांना सोबत घेऊन येत असे. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते खडू-पाटीवर लिहून बोलत. तोंडाने बोलताना जी काटकसर त्यांनी कधी केली नाही, ती खडूने त्यांच्याकडून करवून घेतली. 'चहा.' 'मीठ.' 'गाढव.' पाटीवरचे हे शब्द हिवाळ्यातल्या झाडांसारखे उभे असत: पान नाही, फूल नाही, पण झाड कोणते याविषयी शंका नाही.

शल्यविशारदांनी सुचवले की टंकलेला मजकूर मोठ्याने बोलून दाखवणारा प्रोग्राम हल्ली सहज मिळतो; तो संगणकावर घ्यावा. घरच्यांनी हे काम एकमताने जावयाकडे सोपवले. ('सहज मिळतो' हे शब्द त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवले नाहीत. पोहोचवले असते तर त्यांनी काम नाकारले असते.) मुदतही ठरलेली होती. पावसाळा संपताच शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरायचा होता आणि हेडमास्तर त्याचे प्रमुख पाहुणे होते. वडिलांनी तिथे गप्प बसून हार घालून घ्यावा आणि परत यावे, ही कल्पना मुलीला सहन होत नव्हती. "बाबा फळ्यासमोर मुके बसलेले मला बघवणार नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "तेवढ्या दिवसापुरता तरी त्यांना आवाज द्या."

मूळपुरुषांचा स्वतःचाही एक हेतू होता, तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. लग्न ठरताना सासऱ्यांनी त्यांच्याविषयी 'चालेल' असा अभिप्राय दिला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत फेरतपासणी झाली नव्हती. आता जो माणूस आवाजच घडवून देणार, त्याच्याविषयी त्या आवाजातले पहिले वाक्य काय असेल, याचा विचार करताना कोठारातल्या चष्म्यांच्या रांगांमागे त्यांच्या छातीत काहीतरी उजळून जाई, आणि समोरच्या शेकडो काचा निष्कारण चमकल्यासारख्या वाटत. कौतुक काय असावे हे त्यांनी ठरवले नव्हते. ते हेडमास्तरांचे स्वतःचे असावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

हेडमास्तरांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, काम सुरू झाले.

प्रथम यंत्राने तपासणी केली. सोर्सच्या मार्गात ही तपासणी फार हृद्य असते. यंत्र स्वतःशीच प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देते, जसे घरातले वडीलधारे देतात. मूळ ओळी दळून देणारा कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. भोवतालची परिस्थिती शहाणपणाची आहे का? आहे. (हा प्रश्न खरोखरच विचारला जातो, आणि उत्तर नेहमी 'आहे' असेच येते. ते कशाच्या आधारे देतात, हे शोधण्याचे धैर्य मूळपुरुषांनाही झालेले नव्हते.) अखेरीस यंत्राने कळवले की बोलण्यासाठी ध्वनीची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम ज्याच्या आधाराने चालतात असा सामायिक संच, लागेल आणि ती त्याच्यापाशी नाही.

ध्वनीची लायब्ररी आणली. तिला नवा कंपायलर हवा होता. नवा कंपायलर बांधायला जुना कंपायलर लागतो. मग नव्याने स्वतःला पुन्हा बांधायचे, आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा बांधून, दुसरा आणि तिसरा हुबेहूब सारखे निघतात का ते पाहायचे. आपणच आपला बाप होऊन वर आपणच आपल्याला ओळखण्याची ही पद्धत मूळपुरुषांना अतिशय भावली. त्या कंपायलरला गणिताच्या तीन लायब्रऱ्या हव्या होत्या. त्यांतल्या एकीला स्वतःची माहितीपुस्तिका छापल्याशिवाय पुढे जायचे नव्हते. पुस्तिकेला आकृत्या काढणारा प्रोग्राम हवा होता, आकृत्यांना अक्षरांचे वळण हवे होते; आणि अशा रीतीने एका म्हाताऱ्याला 'चहा' म्हणता यावे म्हणून त्याचा जावई एके सायंकाळी ग्रीक अक्षरांची गोलाई तासत बसलेला आढळला.

"काय भावोजी, खणताय का अजून?" मेहुण्याने दारातूनच विचारले. "पाणी लागलं की हाक मारा, पंप आहे माझ्याकडे."

मूळपुरुषांनी त्याला शांतपणे समजावले की तयार पॅकेज घेणे म्हणजे परक्याने चावलेला घास गिळणे. आत काय आहे, कोणी घातले, कशासाठी घातले, काहीच कळत नाही. मेहुण्याने यावर असे मत दिले की आपण गिऱ्हाइकाला ब्रेक विकतो तेव्हा तो लोखंडाची खाण बघायला मागत नाही. गाडी थांबली की त्याचे समाधान होते. मूळपुरुषांनी त्याच्याकडे करुणेने पाहिले. सुटे भाग विकणाऱ्याला अखंडाचे आकर्षण कळणार नाही, हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते.

या साऱ्या काळात त्यांना अनपेक्षित पाठबळ मिळाले ते सासूबाईंचे. त्या वेळच्या वेळी चहा आणून ठेवीत, खुर्चीवर उशी देत, आणि पडद्यावर वेगाने वर सरकणाऱ्या ओळींकडे कौतुकाने पाहत. लग्न झाल्यापासून त्यांनी वर्तमानपत्रातले एकही शब्दकोडे स्वतः सोडवले नव्हते. आडवा शब्द वाचून होण्यापूर्वीच शेजारच्या खुर्चीतून उत्तर येत असे. आता त्या दुपारी चष्मा लावून, खिडकीशी बसून, आडवे-उभे सगळे शब्द सावकाश भरीत. चुकलेले शब्द खोडून पुन्हा चुकवीत. त्यांचा चेहरा तरुण दिसू लागला होता.

"घाई करू नका हो, जावईबापू," त्या म्हणत. "मुळापासूनच होऊ द्या. घाईत केलेलं टिकत नाही."

या घरात आपल्याला खऱ्या अर्थाने समजून घेणारे एक माणूस आहे, हे पाहून मूळपुरुष भारावून गेले.

संगणक तर कामाने इतका तापे की त्याच्या पंख्याचा आवाज शेजारच्या जिन्यापर्यंत जाई. मागून येणाऱ्या गरम वाऱ्यावर सासूबाई मोजे वाळत घालू लागल्या. पावसाळ्यात ही मोठीच सोय झाली. मूळपुरुषांच्या निरीक्षणानुसार, सोर्सपासून प्रोग्राम बांधणाऱ्याच्या वेळेपैकी सुमारे सत्तर टक्के वेळ सरकत्या ओळी पाहण्यात जातो, वीस टक्के त्या का थांबल्या हे पाहण्यात, आणि उरलेला वेळ चौकशी करणाऱ्यांना 'होत आलंय' असे सांगण्यात. प्रत्यक्ष बांधकामाला वेळ कधी मिळतो, हा संशोधनाचा विषय आहे.

पुढे एक लायब्ररी अशी निघाली की तिचा जगातला एकमेव कर्ता समुद्रापलीकडे राहत होता आणि त्याने शेवटच्या ओळीत 'आता मी मधमाश्या पाळतो, कृपया विचारू नये' असे लिहून ठेवले होते. मूळपुरुषांनी विचारले. त्याने उत्तरादाखल मधमाश्यांविषयी उपयुक्त माहिती पाठवली. त्यापुढे दोन प्रोग्राम असे भेटले की पहिल्याला आधी दुसरा हवा होता आणि दुसऱ्याला आधी पहिला. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण कोणत्या प्रसंगातून जन्मली असावी हे मूळपुरुषांना त्या दुपारी कळले. तरी त्यांनी तो पेचही सोडवला. कसा, ते त्यांनी रात्रीच्या जेवणावेळी सविस्तर सांगितले. सासऱ्यांनी पाटीवर 'आमटी' असे लिहिले, आणि संभाषण संपले.

ढग विरळ होत चालले. मेळाव्याची निमंत्रणे छापून आली. हेडमास्तर सकाळी पाटी मांडीवर घेऊन भाषण जुळवू लागले. एक वाक्य लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. मुलीने ते एकदा मागून वाचले: 'तुमच्यापैकी एकालाही प्रमेय आले नाही, तरी इतके जण आलात.' ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिने नवऱ्याला एवढेच सांगितले की हे वाक्य बाबांच्या मोठ्या आवाजात ऐकायचे आहे, आणि मेळावा उद्या आहे.

मेळाव्याच्या सकाळी यंत्राने शेवटचे कमी कळवले. सारे काही जुळले होते. फक्त पायाची लायब्ररी जुनी पडत होती.

पायाची लायब्ररी म्हणजे जिच्यावर यंत्रातला प्रत्येक प्रोग्राम उभा असतो ती. तिला हात लावू नये, असे या विषयावरील प्रत्येक पुस्तकात लिहिलेले आहे, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांनी हात लावून पाहिल्यानंतरच लिहिले आहे. मूळपुरुष क्षणभर थांबले. पण मुळापासून म्हणजे मुळापासून. पाया दुसऱ्याचा आणि भिंती आपल्या, हे घर कसले? त्यांनी नवा पाया बांधला, जुन्याच्या जागी सरकवला, आणि पाहायला गेले तर पाहण्याची आज्ञाच चालेना. नक्कल करण्याची चालेना. जुने परत ठेवण्याची आज्ञा, जी मोठ्या दूरदृष्टीने योजून ठेवलेली असते, तीही त्याच पायावर उभी होती. प्रत्येक आज्ञेला यंत्र खेदपूर्वक एकच ओळ परत करू लागले. पंखा थांबला. खोलीत इतके शांत झाले की वाळत घातलेल्या मोज्यांतून पडणारा थेंब ऐकू आला.

सगळे संपले होते असे मात्र नाही. एक आज्ञा जिवंत होती, कारण तिला पायाची गरजच नव्हती: आपण जे लिहू तेच परत म्हणून दाखवणारी. मूळपुरुषांनी लिहिले, 'कोणी आहे का'. यंत्र म्हणाले, 'कोणी आहे का'. त्या काळ्या पडद्यावर स्वतःचाच प्रश्न असा शुभ्र होऊन परत आलेला पाहून त्यांना विहिरीत वाकून पाहिल्यासारखे वाटले.

हेडमास्तर मागे येऊन उभे होते. त्यांनी पाटी पुढे केली: 'काय करतो हा आता?'

"आपण जे बोलू तेच परत बोलतो," जावयाने खरे ते सांगितले.

हेडमास्तरांनी पाटी पुसून लिहिले: 'नोकरी लागेल.'

मुलीने यावर वाद घातला नाही. तिने भावाला फोन केला.

मेहुणा दुकानातला लॅपटॉप काखेत मारून आला. त्यावरची प्रणाली त्याच घराण्यातली होती, फक्त पाया जागेवर होता. सासूबाईंनी चहाचे आधण ठेवले. मेहुण्याने एक ओळ टंकली. यंत्राने विचारले की मागितलेल्या प्रोग्रामसोबत त्याचे काही शिफारस केलेले सोबतीही येतील, चालेल का. सोबत्यांची यादी बऱ्यापैकी लांब होती. मेहुण्याने ती न वाचता 'हो' दाबले. आधण उकळण्यापूर्वी लॅपटॉप बोलू लागला. आवाज स्वच्छ, तरुण, इस्त्री केलेला. बातम्या सांगणाऱ्याचा असतो तसा.

"झालं," मेहुणा म्हणाला. "आता साखर घाला."

सासूबाईंनी हातातले शब्दकोडे घडी करून ठेवले. मूळपुरुष कोपऱ्यात उभे होते. त्यांनी केवळ एवढेच विचारले की सोबती कोण कोण आलेत. ते कोणालाच माहीत नव्हते.

सोबत्यांपैकी एक लगेच पुढे झाला. खडूची सवय असलेले हेडमास्तर एका बोटाने अक्षरे शोधत होते. ते पाहून त्याला दया आली असावी. वापरणाऱ्याचे पहिले अक्षर उमटताच उरलेले वाक्य काय असावे हे ओळखून ते समोर ठेवणे, हे त्याचे काम होते. पसंत असेल तर एक कळ दाबायची. सोबत्याने जगातली असंख्य भाषणे, आभारपत्रे आणि शोकसंदेश वाचलेले होते. माणसांना काय म्हणायचे असते हे तो माणसांपेक्षा चांगले जाणत होता.

सभागृह भरलेले होते. एकेकाळी ज्यांची बोटे छडीने लाल झाली, ते आता टक्कल आणि चष्मे घेऊन ओळीने बसले होते. (चष्म्यांच्या चौकटींपैकी निम्म्या आपल्याच कोठारातल्या आहेत, हे मूळपुरुषांनी तेवढ्यातही ताडले.) हेडमास्तर टेबलाशी बसले. बोट उचलले आणि 'तु' टंकले. त्यांना आपले वाक्य म्हणायचे होते. पडद्यावर तत्काळ उमटले: 'तुम्हां सर्वांना उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.' हेडमास्तरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुढचे अक्षर शोधायला बोट फिरवले. ते सापडेना. समोर शेकडो माणसे श्वास धरून बसली होती, आणि वाक्य तर तयारच होते. त्यांनी कळ दाबली.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढचे सोपे गेले. आजच्या या सोनेरी प्रसंगी आपणांसमोर उभे राहताना त्यांना अत्यंत आनंद होत आहे, असे त्यांनी बसून सांगितले. गुरू-शिष्यांचे नाते अतूट असते, असे सांगितले. वेळेअभावी आटोपते घेत असल्याचेही सांगितले, जे त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते. अनेकांचे डोळे पाणावले. सर किती निवळले, असे सगळे म्हणाले. शाळेच्या इतिहासातले ते सर्वोत्तम भाषण ठरले. एकटी मुलगी पहिल्या रांगेत शेवटपर्यंत वाट पाहत राहिली, की आता बाबा बोलतील.

घरी आल्यावर हेडमास्तर आरामखुर्चीत बसले. हार उतरवला, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि बराच वेळ जावयाकडे पाहत राहिले. म्हातारे बोट उतरले. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"आपण घेतलेल्या अथक परिश्रमांबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे," लॅपटॉप म्हणाला. "आपले सहकार्य असेच लाभत राहो."

इतक्या वर्षांचे मागणे पुरे झाले होते. मूळपुरुषांचे डोळे भरून आले, आणि भरलेल्या डोळ्यांनीच त्यांना सवयीप्रमाणे प्रश्न पडला, की हे आले कोठून.

"बाबांनी ते टंकलं, की निवडलं?" त्यांनी बायकोला आत जाऊन विचारले.

"म्हणाले ना? मग आता काय ते उकरायचंय?" ती म्हणाली. पण तिचा आवाज तिच्या बोलण्याइतका ठाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हेडमास्तर वामकुक्षी घेत असताना, मूळपुरुष लॅपटॉपपाशी बसले. त्यांनी 'आ' टंकले. अख्खे वाक्य, अथक परिश्रमांसह, दारात उभ्या पाहुण्यासारखे समोर येऊन थांबले. त्यांनी ते पुसले, पुन्हा 'आ' टंकले. पुन्हा तेच, तितक्याच मनःपूर्वक. म्हणजे पहिले बोट अक्षरासाठी आणि दुसरे कळीसाठी. सासऱ्यांच्या त्या कौतुकातले सासऱ्यांचे स्वतःचे असे एकच अक्षर होते.

पण ते अक्षर निःसंशय त्यांचे होते. ते कोणी सुचवलेले नव्हते, कोणत्याही डब्यातून आलेले नव्हते. खडूने झिजलेल्या बोटाने ते सगळ्या कळींतून शोधून काढले होते, आणि ते शोधताना तो माणूस आपल्या जावयाकडे पाहत होता. मूळपुरुषांनी पुष्कळ विचार केला आणि तेवढे अक्षर स्वीकारले. हल्ली कोठारात काम करता करता ते मध्येच थांबतात, स्वतःशीच अस्फुट 'आ' म्हणतात, आणि त्यांचा चेहरा उजळतो. सहकाऱ्यांनी त्यांना दंतवैद्याचा पत्ता दिला आहे.

वाचकांना या ठिकाणी हसू येणे स्वाभाविक आहे. एका अक्षरावर गुजराण करणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार कोणीही नाकारू शकत नाही. अट एवढीच, की ओळखीतल्या कोणाचे तरी वडील गेल्याचे परवा आपल्याला कळले, तेव्हा त्या बातमीखाली आपण जे दोन शब्द पाठवले, त्यांतले पहिले अक्षर तरी स्वतः शोधून दाबले होते काय, हे हसण्यापूर्वी एकदा आठवून पाहावे. (केवळ जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले असल्यास उत्तर देण्याची आवश्यकता नाही.)